काळ्या दोऱ्याची शिवण

पुंजाजी शिंप्याबद्दल चार चांगले शब्द बोलावेत असं मला आजही वाटत नाही. माणूस गेल्यावर त्याचे दोष पोटात घालायचे असतात म्हणे. पण पुंजाजीचे दोष माझ्या पोटात राहत नाहीत, आणि माझे तर त्याच्या पोटात कधीच राहिले नाहीत. आमच्या दोघांत जर काही सारखं असेल तर एवढंच.

मी संग्रामपूरला कंपाउंडर होतो. संग्रामपूर तेव्हा तालुक्याचं गाव नव्हतं. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, नागपूरकडे बघायची सवय सुटत नव्हती आणि मुंबईकडे बघायची लागत नव्हती. बाजाराच्या रस्त्यावर डॉक्टरांचा दवाखाना, मागच्या खोलीत माझं बिऱ्हाड, आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, पुंजाजीचं दुकान. डॉक्टर आठवड्यातले तीन दिवस मोटरसायकलवरून आसपासची खेडी करायचे. त्या तीन दिवसांत दवाखाना माझा असायचा. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, खामगावहून आलेला होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

पुंजाजी पन्नाशीचा असेल. उंच, वाळका, गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. त्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार होती आणि ती तो गिऱ्हाईक बघून चालवायचा नाही, सगळ्यांवर सारखीच चालवायचा. मला तो "पानीवाला" म्हणायचा. मी बाटलीत मिक्सचर भरून वर डोसाची कागदी पट्टी चिकटवत असलो की रस्त्यापलीकडून आवाज यायचा, "आज कोन्त्या रंगाचं पानी हाये बे? लाल का पिवयं?" दवाखान्यातली माणसं तोंड फिरवून हसायची. एकदा तर म्हणाला, "राज बदललं, मुंबईले गेलं. आता हा कंपोंडर तेवढा बदलून द्या म्हना सरकारले."

पहिल्यांदा मी त्याच्याकडे पँट शिवायला टाकली तेव्हा त्याने मला दुकानात घेतलंच नाही. रस्त्यावर उभं करून माप घेतलं. कमरेला टेप लावला, मान वर केली आणि बाजार भरला असताना ओरडला, "छत्तीस! डाक्टरचं टॉनिक तूच पेऊन राह्यला काय बे?" पुढे दोन महिने पोरं मला बघून "छत्तीस" म्हणायची. पँट मात्र अशी शिवली होती की तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. मला ती खोट हवी होती. मी ती पँट उलटी करून, उजेडात धरून शोधली आणि सापडली नाही म्हणून आणखी चिडलो.

या माणसाला एका जागी बसता येत नसे. म्हणजे मशीनवर बसायचा, तासन् तास बसायचा, पण मशीन चालू असली तरच. पायडलवरचे पाय थांबले की दोन-चार मिनिटांत उठून उभा. दुकानात येरझाऱ्या, मग रस्त्यावर येरझाऱ्या. दिवेलागणीनंतर तर फारच. गाव जेवून आडवं व्हायला लागलं की त्याची मशीन सुरू व्हायची आणि माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायची. गावात सगळे म्हणायचे, पुंजाजी हावरट आहे, रात्रीही शिवतो. मीही म्हणायचो. माझी झोप मोडायची, त्यामुळे मी जरा जास्तच म्हणायचो.

त्याच्या पुतण्याच्या लग्नात मी जेवायला होतो. संध्याकाळची पंगत. पुंजाजी वराचा काका, म्हणून मानाच्या रांगेत, माझ्या बरोबर समोर. मांडी घालून बसल्यापासून त्याची चुळबूळ चालली होती. आधी एक गुडघा वर घेतला, मग दुसरा, मग हाताने पोटऱ्या चोळल्या. मुलीचा बाप स्वतः बुंदी वाढत आला, आणि तो समोर वाकलेला असताना पुंजाजी ताडकन् उठला. अर्ध्या जेवणातून, पानावरून. मुलीच्या बापाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "इवाईबुवा, आमचं काई चुकलं काय?"

"तुमचं काई नाई चुकलं बापा," पुंजाजी म्हणाला. "माहे पाय ऐकत नाईत. पोटऱ्याइत किडे चालल्यावानी होते. मले चालू द्या."

आणि तो मांडवाबाहेर जाऊन फेऱ्या मारायला लागला. पायात किडे चालतात म्हणून कोणी पानावरून उठतो, हे कोण खरं मानणार? त्याच्या सख्ख्या भावाने त्याच दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट पायांच्या नकलेसकट सांगितली. छत्तीसची फेड झाली असं मला वाटलं.

पुढे त्याचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून बघितलं, रक्तदाब फार वाढलेला होता. त्यांनी बारीक पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हा त्या औषधाचा मोठा बोलबाला होता. पुंजाजीचं डोकं दुखायचं थांबलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल.

पंधरा दिवसांनी तो आला, नेमका डॉक्टर नसलेल्या दिवशी. बाकावर न बसता उभाच होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"या गोयीनं पाय बिघडले," म्हणाला. "पयले घंटाभर चालत होती वळवळ. आता डोयाले डोया लागत नाई. डाक्टरले सांग, गोयी बदलून दे म्हना."

मी म्हटलं, "पुंजाजी, ती गोळी रक्तदाबाची आहे. पायाशी तिचा काय संबंध?"

"तुले काय मालूम? तू घेऊन राह्यला काय?"

"तुम्ही शिंपी की डॉक्टर?"

"आन् तू कोन हाये बे?"

या प्रश्नाचं उत्तर त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून मी संतापलो. त्याचं म्हणणं मी डॉक्टरांपर्यंत पोचवलं नाही. विसरलो नाही, पोचवलं नाही.

इथे मला माझ्या पाटीबद्दल सांगितलं पाहिजे. डॉक्टर झाडपाल्याबद्दल कधी काही बोलत नसत. ते विचारतच नसत, ही त्यांची चूक. पण मला त्या पुड्यांचा फार तिटकारा. एका म्हातारीच्या पदराला बांधलेली पुडी मी सगळ्यांसमोर सोडून गटारात फेकली होती. आणि त्यानंतर लाकडी फळीवर स्वतःच्या हाताने तांबड्या रंगात लिहून दाराशी लावलं होतं: "ज्यांना वैद्याचे किंवा झाडपाल्याचे औषध चालू आहे त्यांनी येथे औषध मागू नये." अक्षर सुरेख आलं होतं. येणारेजाणारे कौतुक करायचे.

महिन्याभराने पुंजाजी परत आला तो नाक चोंदलंय म्हणून. रात्री श्वास घ्यायला त्रास होतो, तोंड कोरडं पडतं. चेहरा उतरला होता, दिवसाउजेडी डोळे मिटत होते. तरी जीभ शाबूत होती. म्हणाला, "तुह्या त्या पान्यात नाकाचं काई हाये का?"

माझ्या डोक्यात एक विचार आला आणि मला तो फार हुशारीचा वाटला. अंगावर पित्त उठलं की आम्ही एक पिवळी गोळी द्यायचो. तिने नाक सुकायचं आणि माणसाला गुंगी यायची. एका गोळीत नाकही मोकळं आणि झोपही. शिवाय रात्रीची ती मशीनही बंद, माझीही झोप. मी डॉक्टरांना न विचारता पुडी बांधली. "रात्री दोन घ्या," म्हटलं.

"झोप येईन?"

"मेल्यासारखी."

त्याने पुडी घेतली. दारातून वळला आणि म्हणाला, "इतले दिवस काऊन नाई देल्ली मंग?" आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात शिवी नव्हती. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्या रात्रीपासून मशीन थांबेनाशी झाली. मी उशी डोक्यावर घेऊन मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या.

आठवड्याने पुंजाजीने हायस्कूलच्या एका मास्तरांच्या कोटाचं कापड वाकडं कापलं. तीस वर्षांत त्याची कात्री चुकली नव्हती. समोरचे दोन्ही भाग डाव्या बाजूचे कापले. पुंजाजी कापडाकडे बघत उभाच राहिला. मग कात्री ठेवली, मशीनच्या खणातून कसली तरी गुंडाळी काढली आणि भर दुपारी रस्ता ओलांडून आमच्या दवाखान्यात आला. सोमवार होता, बाक भरलेले होते, डॉक्टर नव्हते.

त्याने गुंडाळीचं एक टोक हातात धरलं आणि बाकीची जमिनीवर फेकली. ती उलगडत दारापर्यंत गेली. चार बोटं रुंद कापडाची पट्टी होती, कातरणाचे तुकडे एकाला एक जोडून केलेली. प्रत्येक तुकड्यावर उभ्या शिवणी.

"पाह्य," म्हणाला. "रोज दिवा लागला का पाय सुरू होते. मंग मी मशीनीवर बसतो. मोकयी कायले चालवायची, म्हनून कातरनावर शिवन मारत जातो. पाय थांबले का दोरा तोडतो. एक दिवस, एक तुकडा. हा पांढरा दोरा पयलेचा. दोन शिवनी, तीन शिवनी. हा लाल, तुमची ती बारीक गोयी सुरू झाली तवाचा. मोज किती हायेत. आन् हा काया." त्याने शेवटचे तुकडे पायाने पुढे सरकवले. "हा तुहा."

काळ्या दोऱ्याचे सात तुकडे होते. त्यांच्यावर कापड दिसतच नव्हतं. शिवणीवर शिवण बसून ते पुठ्ठ्यासारखे ताठ झाले होते.

आता हे सगळं मला नीट आठवतं, म्हणजे तेव्हा मी नीट बघितलं होतं. लाल आणि काळ्याच्या मध्ये हिरव्या दोऱ्याचे बरेच तुकडे होते. ते कशाचे, हे मला विचारायला सुचायला हवं होतं. कपाटात औषधं लावणाऱ्या माणसाला तेवढं कळायला हवं. पण बाकांवर वीसेक माणसं होती, आणि मला एवढंच दिसत होतं की हा माणूस वीस माणसांसमोर माझी परीक्षा घ्यायला आलाय.

मी म्हटलं, "पताका छान झाल्यात. मारुतीच्या देवळावर लावा."

माणसं हसली. पुंजाजीच्या बाजूने कोणी नव्हतंच, त्याने ठेवलं नव्हतं. तो खाली वाकून पट्टी गुंडाळायला लागला. अर्धी गुंडाळून झाल्यावर उभा राहिला आणि उभ्याउभ्या कोसळला. कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं.

सुदैवाने डॉक्टर त्या दिवशी लवकर परतले. त्यांनी हातावर पट्टा बांधला आणि त्यांचा चेहरा बदलला. ज्याचा रक्तदाब वाढला म्हणून गोळी दिली, त्याचा इतका खाली गेला होता की नाडी धड लागेना. तोपर्यंत पुंजाजीची बायको गिरजाबाई धावत आली होती. नवऱ्याचे पाय मांडीवर घेऊन ती पोटऱ्या चोळत बसली. शुद्ध हरपलेल्या माणसाचेही पाय चोळायचे हे तिच्या हातांना सवयीने माहीत होतं.

डॉक्टरांनी जमिनीवरची पट्टी उचलली. माझ्याकडून सगळं ऐकलं, पिवळ्या गोळीसकट. मग गिरजाबाईंना विचारलं, "बाई, हा हिरवा दोरा कशाचा?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मग दाराशी लावलेल्या पाटीकडे.

"सांगा," डॉक्टर म्हणाले. "कोणी काही म्हणणार नाही."

तिने कनवटीची पुडी सोडली. "डोंगराकडच्या वैद्याचं हाये. झोपीसाठी. तुमच्या गोयीनं झोप गेली म्हनून घेतलं. आधी चार दिवस बरं वाटलं, मंग पयल्यापरीस बेकार झालं." आणि मग मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या पाटीच्या भेवानं सांगतलं नाई. तुम्ही औषधच बंद करसान, असं म्हने हे."

डॉक्टरांनी पुडीतलं चूर्ण बोटावर घेऊन हुंगलं, जिभेला लावलं. सर्पगंधेचं मूळ होतं. आमची ती बारीक पांढरी गोळी ज्या मुळापासून काढतात, तेच. म्हणजे हा माणूस एकच औषध दोन दुकानांतून दुप्पट घेत होता. एकाने रक्तदाबासाठी दिलेलं, दुसऱ्याने झोपेसाठी. त्या औषधानेच त्याचे पाय बिघडले होते, त्यानेच दिवसा गुंगी येत होती आणि त्यानेच नाक चोंदलं होतं. आणि त्या चोंदलेल्या नाकावर मी जी गोळी दिली, ती असल्या पायांना सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी जाड पुस्तक काढून मला तो रोग दाखवला. दोन परिच्छेद होते. पायांत वळवळ, बसल्यावर वाढते, चालल्यावर थांबते, लोक याला वेड समजतात. मी ते दोनदा वाचलं. पंगतीची गोष्ट सांगताना केलेली ती पायांची नक्कल मला आठवली आणि मला स्वतःची शरम वाटली. अशी शरम मला त्यापूर्वी वाटली नव्हती आणि नंतरही फारशी वाटलेली नाही.

पुंजाजी बचावला. मूळ बंद झालं, पिवळी गोळी बंद झाली, पांढरी हळूहळू कमी करत काढली आणि डॉक्टरांनी दुसरं औषध बसवलं. ते बसवताना ते दर आठवड्याला पट्टी मागून घ्यायचे आणि शिवणी बघून डोस ठरवायचे. दोन महिन्यांत दोरा पुन्हा पांढरा झाला. पायांची वळवळ पूर्ण गेली नाही. तीन-चार शिवणी राहिल्याच. पण मशीन लवकर थांबायला लागली आणि पुंजाजी झोपायला लागला.

माझी पाटी डॉक्टरांनी स्वतः काढली आणि त्याच फळीवर माझ्याकडून नवी लिहून घेतली: "दुसरे कोणतेही औषध चालू असल्यास ते आधी सांगावे." मी ती लावत असताना पुंजाजी रस्त्यात उभा राहून अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "आता शिकला हा. एक मानूस अर्धा मारला तवा शिकला." त्यानंतर रोज, खरंच रोज, दवाखाना उघडताना तो पलीकडून ओरडायचा, "आज कोनाले झोपवतं बे, मेल्यावानी?" चार वर्षं ओरडला. मला माफी मागायची होती. पण रोज सकाळी त्याचा आवाज ऐकला की माफी घशातच राहायची आणि मी आत जाऊन उगाच बाटल्या आपटायचो. त्याने जरा उसंत दिली असती तर मागितली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. ते कितपत खरं आहे मला माहीत नाही.

मला खामगावला इस्पितळात नोकरी लागली. निघताना डॉक्टरांनी पँटचं कापड दिलं. गावात दुसरा शिंपी होता, तरी मी पुंजाजीकडे गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की माप देताना बोलून टाकायचं. त्याने मला रस्त्यावर उभं केलं, टेप लावला आणि ओरडला, "अडतीस!" बोलायचं राहून गेलं.

पँट घ्यायला गेलो तेव्हा दिवे लागले होते. तो मशीनवर होता, समोर पांढऱ्या दोऱ्याचं कातरण. त्याने मान वर केली नाही. हनुवटीने फळीवरची पँट दाखवली आणि म्हणाला, "ने. लवकर नाई फाटत." मी थोडा वेळ उभा राहिलो. पायडल चालत होतं, पाय चालत होते. मी "येतो" म्हटलं. पुंजाजी मला दिसला तो शेवटचा.

ती पँट कमरेला फार छान बसायची. पट्टा लावायची गरज नसायची. मी ती सात-आठ वर्षं वापरली, पुंजाजी वारल्याचं कळलं त्या दिवशीही तीच अंगात होती. मग ती होईना, म्हणून खामगावच्या एका शिंप्याकडे कंबर सैल करायला टाकली. त्याने उसवली आणि मला बोलावणं पाठवलं.

"साहेब, हे आत काय घातलंय?"

कमरेच्या पट्टीत अस्तराच्या जागी चार बोटं रुंद कातरण होतं. त्यावर काळा दोरा. शिवणीवर शिवण, कापड दिसू नये इतकी, पुठ्ठ्यासारखी ताठ. सात तुकडे जोडून कमरेभोवती पूर्ण फिरवले होते. माझ्या गोळ्यांच्या सातही रात्री त्याने मला परत केल्या होत्या आणि त्या मी इतकी वर्षं अंगावर घालून हिंडलो होतो.

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. शिंपी म्हणाला, "काढून टाकू? दुसरं कॅनव्हास घालतो."

"नको," मी म्हटलं. "कंबर सैल कर. ती पट्टी अपुरी पडून पुढे जेवढी फट राहील ती राहू दे. ते आत तसंच शिव."

त्याने टेप घेतला, माझ्या कमरेभोवती फिरवला आणि वहीवर वाकून हळूच म्हणाला, "बेचाळीस." बाहेर रस्त्यावर बाजार भरला होता. कोणालाही ऐकू गेलं नाही.